अकरा महिन्यांचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखादा गोड विषय घ्यावा, अशी रीत आहे. पण कार्यवाह बाईंनी मला विचारले तेव्हा मनात आला तो विषय भाड्याच्या घराचा. आपल्या मंडळातल्या किती तरी जणी दर वर्षी सामान बांधतात आणि पुन्हा सोडतात. हळदीकुंकवाची यादी करताना निम्म्या पत्त्यांवर काट मारावी लागते, हे आपण पाहतोच. म्हणून आज या अकरा महिन्यांच्या बिऱ्हाडाविषयी चार शब्द बोलणार आहे.

प्रथम हे असे का झाले, ते पाहू. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले. भाडी गोठली आणि भाडेकरूला काढणे अवघड झाले. तेव्हा मालकांनी 'भाडे' हा शब्दच टाळून 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे केवळ परवानगीने राहू देणे, ही वाट काढली. १९७३ साली कायदा बदलला आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला अशा करारावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे हक्क मिळाले. मालक धास्तावले. घर एकदा दिले की ते गेलेच, ही भीती घरोघर बसली आणि कित्येकांनी जागा कुलूप लावून रिकाम्या ठेवल्या. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे मुदत संपताच जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. करार पुढे चालू ठेवा, असे मालकाला सांगण्याचा हक्क परवानगीने राहणाऱ्याला या कायद्यात नाही. पारडे असे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले.

आता अकरा महिन्यांचा हिशेब ऐका. आम्ही पुण्यात पहिले बिऱ्हाड केले ते शाळा उघडताना, १ जूनला. करार ३० एप्रिलला संपला. दुसरा १ मे ते ३१ मार्च आणि तिसरा १ एप्रिल ते २८ फेब्रुवारी. दर खेपेस मुदत एकेक महिना मागे सरकते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तिसरा करार संपला तेव्हा माझी मुलगी दहावीला होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. आमच्या यजमानांची बदली ठरलेली होती, मे महिन्यात आम्ही गाव सोडणारच होतो. मी मालकांकडे गेले आणि म्हणाले, "दोन महिने राहू द्या, भाडे थोडे वाढवून देते." उत्तर मिळाले, "नवा करार अकरा महिन्यांचा होईल. मधेच सोडलेत तर अनामत रक्कम परत मिळणार नाही. नाही तर अठ्ठावीस तारखेला किल्ल्या द्या."

आम्ही किल्ल्या दिल्या. मुलीने दहावीचा अभ्यास माझ्या नणंदेच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी बसून केला. ती उत्तीर्ण झाली, पण त्या महिन्यातला तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

मला राग आला तो मात्र मालकांपेक्षा माझा स्वतःचा. त्यांनी कायद्याबाहेर काहीच केले नव्हते. तिन्ही वेळा करार झाला तेव्हा यजमान आणि एजंट बैठकीच्या खोलीत होते आणि मी आत चहा करीत होते. शाळा, परीक्षा, सासूबाईंचे औषधपाणी, घरातली बाळंतपणे यांची दिनदर्शिका आपल्या डोक्यात असते आणि मुदत ठरते ती बाहेरच्या खोलीत! भगिनींनो, चहा थोडा उशिरा झाला तरी चालेल, पण कागद वाचताना आपण तिथे असले पाहिजे. कराराच्या अखेरच्या महिन्यात विनवणी करता येते. अटी ठरवता येतात त्या सहीच्या आधीच.

मग काय ठरवावे? पहिली गोष्ट मुदतीची. अकरा महिनेच हवेत, असे कोणत्याही कायद्यात नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असे, ती टाळण्यासाठी ही प्रथा पडली. पण १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने आपल्या राज्यात असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तेव्हा मुले शिकत असतील तर बारा, चोवीस वा छत्तीस महिने मागा आणि मुदत मे महिन्याच्या अखेरीस संपेल असे पाहा.

दुसरे, पुढच्या कराराची बोलणी किती आधी करायची आणि भाडे शेकडा किती वाढायचे, हे आजच लिहून घ्या. दोन महिने आधी कळले तर दुसरे घर शोधता येते. तिसरे, अडीअडचणीला एक-दोन महिने वाढवून मिळतील, असे एक कलम मागा. ती वाढही तोंडी नको, रीतसर कागदावर हवी. चौथे, मधेच सोडावे लागले तर किती दिवसांची सूचना द्यायची आणि अनामत रकमेतून काय कापले जाईल, तेही स्पष्ट करून घ्या. मालक सगळेच मान्य करतील असे नाही. पण न मागितलेले कोण देणार?

आता दुसरी बाजू. आपल्यात घरमालकिणीही आहेत, आणि आज मीही त्यांतलीच एक आहे. गेल्या वर्षी माझ्या भाडेकरू मुलीने विचारले, "काकू, बाळंतपण होईपर्यंत तीन महिने राहू का?" आणि माझ्या ओठांवर शब्द आले ते हेच, "अकरा महिने करा, नाही तर..." मी तिथेच थांबले. मला ओट्याशेजारची माझी मुलगी दिसली.

रात्री मी हिशेब मांडला. भाडे वीस हजार. शेकडा दहा वाढ धरली तर अकरा महिन्यांत बावीस हजार अधिक मिळणार. पण घर एक महिना रिकामे राहिले तर वीस हजार गेले; वर एजंटाची दलाली आणि रंगरंगोटी वेगळीच. ताठर राहून माझ्या पदरात काही पडत नव्हते. आम्ही तीन महिन्यांचा नवा करार केला, त्याची नोंदणी केली आणि मुदत संपली त्या दिवशी तिने बाळाला कडेवर घेऊन किल्ल्या आणून दिल्या. कागद पक्का होता म्हणून मला भीती वाटली नाही, आणि भीती नव्हती म्हणून मला मन मोठे करता आले.

भाडेकरणींनो, सही करण्याआधी वाचा. मालकिणींनो, 'नाही' म्हणण्याआधी एकदा समोरचीच्या घरातली दिनदर्शिका विचारा.