काळ्या खडकांतील हिरवी माती



लोखंड म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दोनच रंग उभे राहतात : घासलेल्या पात्याचा करडा आणि गंजाचा तांबडा. एखादा दगड हिरवा दिसला, तर आपण तें श्रेय शेवाळाला, फार झालें तर तांब्याला देतों. परंतु आपल्या सह्याद्रीच्या पोटांत एक हिरवी माती आहे, आणि तिच्या हिरवेपणाचा धनी लोखंडच आहे. या मातीनें काय जपून ठेविलें आहे, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

पुणें, नाशिक, जळगांव या बाजूंच्या खाणींत नुकताच फोडलेला काळा दगड निरखून पाहावा. त्यांत कोठें वाटाण्याएवढ्या, कोठें नारळाएवढ्या पोकळ्या असतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजत असतां त्यांत कोंडलेल्या वायूंचे हे बुडबुडे होत. पुष्कळ पोकळ्यांस आंतून हिरवी साल लागलेली असते, आणि तिच्यावर गारगोटीचे किंवा झिओलाइट जातीचे पांढरे, गुलाबी स्फटिक वाढलेले असतात. साल आधीं आणि स्फटिक मागाहून, हा क्रम ध्यानांत ठेवावा. या सालींतील मुख्य खनिजाचें नांव सेलॅडोनाइट. समुद्राच्या हिरव्या छटेला फ्रेंच भाषेंत जो शब्द आहे, त्यावरून तें पडलें.

ही माती आली कोठून? या काळ्या दगडाच्या शंभर भागांत लोहाचीं ऑक्साइडें सुमारें दहा ते पंधरा भाग असतात. खडक ऊन असतां भेगांतून पाणी आंत शिरलें, तापलें, आणि खडकांतील कांचेसारखा भाग विरघळवूं लागलें. सिलिका, मॅग्नेशियम, पोटॅशियम व लोह हीं सर्व त्या पाण्यांत उतरलीं. तें पाणी पोकळ्यांत मुरून निवूं लागलें, तेव्हां हींच द्रव्यें एकत्र येऊन अति सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपानें भिंतीवर बसलीं. यासाठीं भट्टीची आंच लागत नाहीं. सेलॅडोनाइट बहुधा उकळत्या पाण्याहूनहि कमी उष्णतेंत तयार होतें.

आतां लोहाचा स्वभाव पाहूं. लोहाच्या दोन अवस्था आहेत : फेरस आणि फेरिक. फेरस लोह पाण्यांत सहज विरघळतें आणि पाण्याबरोबर प्रवास करतें. प्राणवायूची गांठ पडली, कीं त्याचा एक इलेक्ट्रॉन जातो व तें फेरिक होतें. मग साध्या पाण्यांत तें जवळजवळ विरघळतच नाहीं, जागच्या जागीं बसतें. कांहीं विंधणविहिरींचें नितळ पाणी घागरींत राहिल्यावर तांबूस होतें, हें आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. तो हाच प्रकार.

म्हणून मातींतील लोह कोणत्या अवस्थेंत आहे, हें कळलें तर ती माती घडविणाऱ्या पाण्याचा स्वभाव कळतो. घाटांत लाव्हाच्या दोन थरांमध्यें तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. तेथें लोह मुख्यतः फेरिक होऊन बसलें आहे. सॅपोनाइट नांवाच्या दुसऱ्या एका मातींत पुष्कळदां फेरस लोह असतें. तशी माती प्राणवायु फारसा नसलेल्या पाण्यांत घडते. सेलॅडोनाइट या दोहोंच्या मधलें. त्यांत फेरिक अधिक, फेरस कमी, परंतु दोन्ही एकाच पापुद्र्यांत शेजारीं शेजारीं. प्रकाश पडतांच इलेक्ट्रॉन फेरसवरून शेजारच्या फेरिकवर उडी घेतो. त्या उडीस लागणारी शक्ति तांबड्या बाजूच्या प्रकाशांतून खर्च होते, आणि हिरवा-निळा प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. अर्थात् प्रत्येक हिरवा दगड लोहाचा नव्हे. आपल्याकडील हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियमचा आहे.

ही हिरवी माती चित्रकारांस शास्त्रज्ञांच्या फार आधीं ठाऊक होती. अजिंठ्याच्या भिंतींवर तांबडा गेरूचा, पिवळा काव या मातीचा, आणि हिरवा अशाच हिरव्या मातीचा आहे. निळ्यासाठीं लाजवर्द दगड परदेशाहून यावयाचा. हिरवी माती मात्र ज्या जातीच्या खडकांत लेणीं कोरलीं, त्याच खडकांत सांपडते. इटालींत वेरोना शहराजवळच्या मोंते बाल्दो डोंगरांतील हिरवी माती तर प्रसिद्धच होती. तिकडील जुने चित्रकार चेहऱ्याच्या रंगाखालीं हिरव्या मातीचा हात देत. हा रंग उन्हानें सहसा उडत नाहीं, कारण त्यांतील लोह पापुद्र्यांच्या आंत जखडलेलें असतें. परंतु तीच माती भट्टींत भाजली, तर फेरस लोह फेरिक होतें व ती तांबूस तपकिरी बनते. हिरव्याचा धनी कोण, याचा याहून सोपा पुरावा नाहीं.

सूक्ष्म मापनाचें साधन मात्र विसाव्या शतकांत लाभलें. जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ मॉसबावर यांनीं १९५८ सालीं गॅमा किरणांविषयीं एक शोध लाविला, आणि १९६१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. या पद्धतीनें मातींतील फेरस किती व फेरिक किती, हें माती न विरघळवितां मोजतां येतें. शिवाय सेलॅडोनाइटमधील पोटॅशियमचा एक अल्प अंश किरणोत्सारी आहे; त्यावरून तें पाणी केव्हां वाहिलें, याचा अंदाज करतां येतो.

हें सर्व आपल्या घाटापुरतें नाहीं. मार्स एक्स्प्रेस या यूरोपीय यानाच्या निरीक्षणांवरून मंगळावरील लोहयुक्त मातींचें वर्णन २००५ सालीं प्रसिद्ध झालें. मंगळहि बव्हंशीं याच जातीच्या काळ्या खडकाचा. तेथील पाणी कसें होतें, जीवास पोषक होतें कीं नाहीं, हा प्रश्न त्या मातींतील लोहालाच विचारावा लागतो. ती लिपि वाचावयास शिकण्याची पाटी मात्र आपल्या दाराशीं आहे.

म्हणून एक विनंति. विहीर, बोगदा किंवा खाण खोदतांना सुंदर स्फटिक हातीं आला, तर त्याखालची हिरवी साल खरवडून टाकूं नये. तो तुकडा सालीसकट ठेवावा, आणि कोणत्या गांवीं, किती खोलीवर सांपडला, तें चिठ्ठीवर लिहून त्याबरोबर ठेवावें. स्फटिक दिवाणखान्याची शोभा वाढवील. पण त्या पाण्याची पहिली साक्ष सालींत आहे, आणि एकदां खरवडलेली साक्ष पुन्हां मिळत नाहीं.