टोपी घालण्याची कला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘टोपी घालणं’ या शब्दप्रयोगाला आपल्या मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. पण गेली कित्येक वर्षं मी लोकांना राजरोसपणे टोप्या घालते आहे आणि लोक त्या आनंदानं घालून घेताहेत. टपाल खात्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तर हा माझा पूर्णवेळ उद्योगच झाला आहे. कानटोप्या, पायमोजे, हातमोजे, मफलर... थंडीतल्या या चिल्लर वस्तू विणण्याचा मला छंद आहे.

चिल्लर हा शब्द मी मुद्दाम वापरला. स्वेटरच्या वाटेला मी जात नाही. लग्नानंतर मोठ्या हौसेनं यांच्यासाठी एक बिनबाह्यांचा स्वेटर घेतला होता विणायला. घर, नोकरी आणि मूल सांभाळता सांभाळता तो तिसऱ्या हिवाळ्यात पुरा झाला. तोवर स्वेटर होता तेवढाच राहिला होता, हे मात्र राहिले नव्हते! तेव्हापासून कानाला खडा लावला. टोपी कशी, दोन-तीन संध्याकाळी बसलं की होते. चुकली तर उसवायला जीव कचरत नाही. आणि आमच्या नाशिकची थंडी काही काश्मीरची नव्हे. शेजारच्या निफाडचा पारा खाली उतरला की वर्तमानपत्रात बातमी येते, द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटतात. पण ऊन वर आलं की स्वेटर अंगातून काढावाच लागतो. इथे खरी गरज असते ती पहाटेची आणि रात्रीची, कानांची आणि बोटांची. तेवढी भागवायला चिल्लर पुरते.

विणकाम मी शिकले आईकडून, साताऱ्यात, १९६२ साली. मी तेव्हा आठ वर्षांची होते. ऑक्टोबरमध्ये चीनचं आक्रमण झालं. हिमालयात आपले जवान अपुऱ्या कपड्यांत बर्फात उभे आहेत, हे घराघरांत कळलं होतं. साताऱ्याच्या गावागावांतली माणसं फौजेत, त्यामुळे ती थंडी आमच्याच घरात शिरल्यासारखी वाटे. नोव्हेंबरात कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. इकडे बायकांनी सुया हाती घेतल्या. दुपारची भांडी झाली की आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर जमत आणि जवानांसाठी पायमोजे विणत. मी दोन्ही हात पुढे करून लोकरीची लडी धरून बसायची आणि आई तिचा गुंडा करायची. हात खाली आला की पाठीत हलकासा धपाटा मिळे.

आईचा हात फार सुंदर. सगळ्यांचे मोजे साधे, हिच्या मोज्यावर घोट्यापासून बोटांपर्यंत उतरत गेलेली नाजूक वेणी. बायका बघत राहायच्या. तयार मोजे गोळा करून पाठवण्याचं काम पलटणीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदार आजोबांकडे होतं. ते घ्यायला आले. प्रत्येक मोज्यात ते हात घालून बघत. आईच्या मोज्यात हात घातला, आतून बोटं फिरवली आणि म्हणाले, “वहिनी, हात देवानं दिलाय तुम्हाला. पण बुटाच्या आत ही वेणी दिसणार कुणाला? दिवसभर चालल्यावर टोचेल मात्र. फोड आलेला शिपाई कसा चालणार?”

आईचा चेहरा पडला. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात तिनं तो मोजा उसवला. मी पुन्हा लडी धरायला बसले. आई काही बोलली नाही. पुढचे मोजे तिनं अगदी साधे विणले. बोटांपाशी तर शिवणीचा कंगोरासुद्धा राहू दिला नाही. टाके बंद न करता ती दाभणानं एकमेकांत असे गुंफी, की विणीचीच एक ओळ वाटावी. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं, की या पद्धतीला इंग्रजीत ‘किचनर’चं नाव आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे युद्धमंत्री असलेले लॉर्ड किचनर, तेच हे. शिपायाच्या बोटांना मोज्याची शिवण टोचू नये, ही काळजी तिकडच्या बायकांनाही होती तर!

ही गोष्ट मी पुढे पार विसरून गेले. ती आठवायला २०१६ साल उजाडावं लागलं.

पण त्याआधी, ज्यांनी कधी सुई हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडंसं सांगते. विणकामात टाके दोनच, एक सुलट आणि एक उलट. बाकी सगळं या दोघांचं भांडण आणि समेट. दोन सुलट, दोन उलट असं विणत गेलं की उभ्या पट्ट्या पडतात. सुलट पट्टी पुढे येते, उलट मागे जाते, आणि वीण बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी आपोआप मिटते. ताणली की उघडते, सोडली की मिटते. म्हणून टोपीची कड आणि मोज्याचा वरचा भाग असा विणतात. तो घट्ट बसतो, पण आवळत नाही. सुयांना नंबर असतात. जुन्या पद्धतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते; १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची, तर ८ नंबरची चार मिलिमीटरची. टाका सुटला तर घाबरायचं नाही. क्रोशाच्या सुईनं खालून एकेक पायरी चढवत त्याला वर आणायचं.

आणि ऊब कुठून येते? ती लोकरीच्या धाग्यांत अडकून राहिलेल्या हवेची असते. म्हणून फार घट्ट विणलं की टोपी जड होते, पण त्या मानानं ऊबदार होत नाही. बाजारात आपण ‘लोकर’ म्हणून जे घेतो, त्यात पुष्कळदा मेंढीचा काही संबंध नसतो. ते ॲक्रिलिक असतं. ते स्वस्त, मऊ, धुवायला सोपं. पण विस्तवाजवळ ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर चटकन पेट घेत नाही. मात्र गरम पाण्यात घालून चोळली की आटून तिचा नमदा होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत ते येणार आहे.

२०१६ च्या डिसेंबरात माझी मुलगी पुण्यात बाळंत झाली. दिवस भरले नव्हते. ३१ वा आठवडा. बाळ १ किलो ४०० ग्रॅमचं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलेलं. मी मिळेल ती एस.टी. पकडून निघाले. पिशवीत दोन महिने खपून विणलेली टोपी होती. महागातली, मऊ, खऱ्या मेंढीची लोकर. वर गोंडा, कडेला बारीक मोती, हनुवटीखाली बांधायला गोफ विणून केलेले बंद. तिच्याकडे बघून शेजारणी म्हणाल्या होत्या, ही तर प्रदर्शनात ठेवायला हवी.

अतिदक्षता विभागाच्या दारात मी ती सिस्टरांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, आतून बोट फिरवलं, आणि हलकेच परत दिली. “आजी, टोपी फार सुंदर आहे. पण बाळाला नाही घालता येणार.”

मला इतका राग आला म्हणून सांगू! तिकडे नातू नळ्यांच्या जाळ्यात, आणि इकडे माझी एवढी एक गोष्ट, तीही नको? मी बाकावर जाऊन बसले. रडले थोडी. मग थोड्या वेळानं त्याच सिस्टर आपणहून बाहेर आल्या, शेजारी बसल्या आणि एकेक गोष्ट समजावून सांगू लागल्या. बंद गळ्याभोवती आवळू शकतात. मोती सुटू शकतो. आतून सुटे धागे आहेत. मोज्यात असे धागे राहिले तर बाळाच्या बोटाला वेढा बसून रक्त थांबतं. मागची शिवण जाड आहे आणि बाळ तर तिच्यावरच डोकं टेकून निजणार. शिवाय इथले कपडे गरम पाण्यात धुतात, ही लोकर पहिल्याच धुण्यात आटेल. आणि टोपी मोठी आहे, डोळ्यांवर घसरेल.

“पण टोपी हवीच आहे हो आजी,” त्या म्हणाल्या. “या बाळांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, बरीच ऊब तिथून जाते. आईच्या छातीशी उघड्या अंगानं बाळ धरायचं असतं, तेव्हा त्याच्या अंगावर लंगोट, टोपी आणि मोजे एवढंच असतं. साधी करून आणा. सुती, मऊ धाग्याची.”

आतून फिरणारं ते बोट बघून मला सुभेदार आजोबा आठवले. चोपन्न वर्षांनी.

मी विचारलं, “डोक्याचं माप किती?” हा प्रश्न मी दोन महिन्यांत एकदाही कुणाला विचारला नव्हता. २८ सेंटीमीटर, त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी मुलीच्या घरी बसून मी बारीक सुती धाग्याचे ६४ टाके घातले, १० नंबरच्या चार सुयांवर, आई मोजे विणायची तसे गोल. गोल विणलं की शिवणच राहत नाही. दोन सुलट, दोन उलट. टोपी डोक्याहून थोडी लहान ठेवली, म्हणजे ताणून नीट बसावी. दहाएक सेंटीमीटर झाल्यावर टाके कमी करत आणले, उरलेल्या आठ टाक्यांतून धागा ओवून ओढून घेतला आणि त्याचं टोक विणीत पार लपवलं. मग टोपी उलटी करून आतून बोट फिरवलं. दोनदा. पहाट झाली होती. सकाळी सिस्टरांनी ती धुवायला घेतली, आणि तिसऱ्या दिवशी मुलीच्या छातीवर एक पांढरं बोंडुक दिसलं. खाली नातू होता.

तो पाच आठवड्यांनी घरी आला. निघताना डॉक्टरांनी बजावलं, आता घरात झोपताना डोकं झाकू नका, त्याला उकडेल. टोपी बाहेर नेताना. टोपी कधी घालायची इतकंच, कधी काढायची हेही कुणीतरी सांगावं लागतं.

तेव्हापासून मी विणण्याआधी विचारते. आमच्या इमारतीच्या वॉचमनला मी कान झाकणारी टोपी देणार होते. विचारलं, तर म्हणाला, “काकू, कान झाकले तर रात्री गेटचा आवाज कसा ऐकू येणार?” त्याला गळ्याभोवतीचा मफलर हवा होता. तो शेकोटीशी बसतो, म्हणून मफलर खऱ्या लोकरीचा केला आणि टोकांचे गोंडे टाळले. दूधवाल्याला बोटं उघडी राहणारे हातमोजे दिले; त्याला सुटे पैसे मोजायचे असतात. स्कूटरवरून पहाटे शिकवणीला जाणाऱ्या मुलीला जाड टोपी नको होती, तिच्यावर हेल्मेट नीट बसेना; तिला पातळ पट्टी विणून दिली. आमच्या कॉलनीतल्या पाच-सहा जणी आता बुधवारी एकत्र बसतो. नवजात बाळांच्या टोप्या करायच्या तर आधी रुग्णालयात जाऊन माप, धागा आणि धुण्याची पद्धत विचारून येतो. नको म्हणाले तर नको. रागावायचं नाही.

विणकामानं मन शांत होतं, असं सगळे म्हणतात. होत असेल. माझं मन मात्र टोपी आतून तपासून झाल्यावरच शांत होतं.

आता तुम्ही विचाराल, त्या सुंदर टोपीचं काय झालं? पुष्कळ दिवस ती ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून होती. गेल्या हिवाळ्यात नातू सुट्टीला आला होता, त्याच्या हाती लागली. “ही कुणाची?” म्हणाला. मी म्हटलं, “तुझीच होती. पण तुझ्या मापाची नव्हती.” मग त्याला समोर बसवलं, दोन्ही हात पुढे करायला लावले आणि टोपी उसवून त्याच्या हातांवर लडी घातली. हात खाली येत होते त्याचे. धपाटा नाही दिला.

लोकर मोठ्या मोज्यांना पुरेशी नव्हती, म्हणून थोडी दुसऱ्या रंगाची जोडली आणि घोट्यापर्यंतचे पायमोजे विणले. माझ्यासाठी. इतक्या वर्षांत स्वतःच्या पायाचं माप मी पहिल्यांदाच घेतलं.