अद्भुतातील सामर्थ्य आणि माणसाचे मोल



अद्भुत हा आपल्या साहित्यशास्त्राने मान्य केलेला रस असून विस्मय हा त्याचा स्थायीभाव होय. असे असूनही अर्वाचीन मराठी समीक्षेने अद्भुताला फारशा आदराने वागविलेले नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या आणि त्या आवडीने वाचल्याही गेल्या. परंतु काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल व नाटक यांविषयी निबंध लिहून त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर टीका केली. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीने वास्तवाचा मार्ग प्रशस्त केला आणि अद्भुताची रवानगी हळूहळू बालविभागाच्या कपाटात झाली.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या काही अद्भुत कादंबऱ्यांनी मात्र त्या कपाटात न मावणारा एक प्रश्न हाती घेतला आहे. एखाद्याच्या अंगी जन्मतः मंत्रसामर्थ्य असेल आणि दुसऱ्याच्या अंगी ते नसेल, तर त्या दोघांच्या माणूसपणाचे मोल वेगवेगळे ठरते काय? जन्मश्रेष्ठत्वाचा दावा पोकळ आहे, हे वास्तववादी कादंबरीकाराला सहज दाखविता येते. अद्भुतकथाकाराला ती सोय नाही, कारण त्याच्या जगात सामर्थ्यातील भेद खरोखरीचा असतो. एक माणूस शब्द उच्चारून दिवा लावतो, दुसऱ्याला काडी ओढावी लागते. त्यामुळे समतेची बाजू तेथे अधिक कठीण कसोटीला लागते.

या प्रश्नाला कथावाङ्मयाने दिलेले एक जुने आणि लोकप्रिय उत्तर म्हणजे दडलेल्या थोरवीचे. हान्स ख्रिश्चन अँडरसन यांची कुरूप पिल्लाची कथा १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली, ग. दि. माडगूळकरांच्या गीतामुळे ती मराठी मुलांच्या ओठांवर आली. साऱ्यांनी झिडकारलेले पिल्लू अखेर राजहंस निघते आणि श्रोत्याला समाधान वाटते. पण ते खरोखरच बदकाचे कुरूप पिल्लू असते तर? त्याला टोचून हाकलणे योग्य ठरले असते काय? गोष्ट या ठिकाणी मौन पाळते.

कर्णाच्या बाबतीत आपले तसेच होते. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली आणि कर्णाविषयीचा मराठी वाचकाचा जिव्हाळा अधिकच दृढ झाला. जन्मजात कवचकुंडले लाभलेला हा वीर सूतपुत्र म्हणून भर सभेत हिणवला जातो, हे दुःख कोणालाही हेलावून टाकते. मात्र ‘तो तर प्रत्यक्ष सूर्याचा आणि कुंतीचा पुत्र होता’ हे कारण आपण त्याच्या बाजूने पुढे करतो, तेव्हा सूताला कमी लेखण्याची रीत आपण नकळत मान्य केलेली असते. अधिरथाच्या औरस मुलांना कवचकुंडले नव्हती. रंगमंडपात त्यांच्यापैकी एखाद्याचा अपमान झाला असता, तर त्याची कैफियत कोणत्या कवीने मांडली असती?

हा प्रश्न मनात ठेवून जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेकडे पाहावे. १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या या सात कादंबऱ्या मराठी अनुवादांतूनही येथील मुलांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांतील जादूगारांचा समाज शुद्ध रक्ताच्या अभिमानाने पोखरलेला आहे. जादू न जाणणाऱ्या दंतवैद्य आईवडिलांची मुलगी हर्मायनी हिला दुसऱ्या कादंबरीत एक सहाध्यायी तिच्या रक्तात चिखल असल्याची शिवी देतो. ही मुलगी वर्गात सर्वांत हुशार आहे. रक्तशुद्धीचा ध्वज मिरविणाऱ्या व्होल्डेमॉर्टचा स्वतःचा पिता मात्र जादू न जाणणारा सामान्य माणूस आहे. सातव्या कादंबरीत हा अभिमान राज्यकारभाराचे रूप घेतो. सामान्य कुटुंबांत जन्मलेल्या जादूगारांना सरकारदरबारी नोंदणी करावी लागते आणि त्यांनी जादू चोरल्याचा आरोप ठेवून त्यांची चौकशी होते. विसाव्या शतकातील युरोपचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला या दफ्तराची ओळख पटवून द्यावी लागत नाही.

या मालिकेतील एक शिल्प फार अर्थपूर्ण आहे. पाचव्या कादंबरीत जादूमंत्रालयाच्या दालनात एक कारंजे दिसते. एक जादूगार आणि एक जादूगारीण मध्यभागी उभी असून इतर योनींतील प्राणी त्यांच्याकडे भक्तिभावाने पाहत आहेत. हे कारंजे खोटे बोलत होते, असा निर्वाळा पुढे शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर देतात. सातव्या कादंबरीत त्याच जागी नवे शिल्प येते. त्यात सिंहासनावर जादूगार दांपत्य बसलेले आहे, आणि नीट पाहिल्यावर ध्यानात येते की ती सिंहासने जादू नसलेल्या शेकडो माणसांच्या पिळवटलेल्या देहांची बनविलेली आहेत. पहिल्या शिल्पातील सौम्य आढ्यता आणि दुसऱ्यातील क्रौर्य यांत पायरीचाच फरक आहे, हे लेखिकेने उपदेश न करता दाखविले आहे.

तरीही येथे थांबून विचार करावासा वाटतो. हर्मायनी आपल्या गुणवत्तेने शिवीला उत्तर देते. ते कर्णाच्या जातीचे उत्तर आहे. ज्याच्यापाशी असे उत्तर नाही त्याचे काय? शाळेचा रखवालदार फिल्च जादूगार घराण्यात जन्मलेला आहे, पण त्याच्या अंगी जादू नाही. तो चोरून टपालाने जादूचा प्राथमिक अभ्यासक्रम मागवितो. या केविलवाण्या धडपडीकडे कथा बहुतांशी विनोद म्हणूनच पाहते. नेव्हिल नावाच्या मुलात जादू आहे की नाही याची घरच्यांना शंका असते. शेवटी खिडकीबाहेर उलटा धरलेला असताना तो आजोबांच्या वयाच्या एका आप्ताच्या हातून सुटतो आणि चेंडूसारखा उसळतो, तेव्हा घरात आनंदीआनंद होतो. वाचक हसतो, तो उसळला नसता तर काय, हा विचार त्याला नंतर सुचतो. हॅरीची मावशी पेट्युनिया हिनेही लहानपणी बहिणीबरोबर आपल्यालाही शाळेत घ्यावे म्हणून मुख्याध्यापकांना विनवणीचे पत्र लिहिले होते, हे शेवटच्या कादंबरीत कळते. जिन्याखालच्या कपाटात हॅरीची दहा वर्षे ज्या कडवटपणामुळे गेली, त्याचे एक मूळ तेथे आहे. लेखिकेला ही जखम दिसली, पण उशिरा आणि ओझरती.

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) यांनी हा प्रश्न अधिक दूरवर नेला. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या या कन्येने १९६८ मध्ये ‘अर्थसी’ नावाच्या काल्पनिक द्वीपसमूहाची पहिली कादंबरी लिहिली. तिचा नायक गेड शेळ्या राखणारा, तांबूस-सावळ्या वर्णाचा मुलगा आहे आणि त्याच्या गावावर चाल करून येणारे हल्लेखोर गोरे आहेत. इंग्रजी अद्भुतकथेचा नायक गोराच असावयाचा, या गृहीतकाला लेखिकेने असा शांतपणे छेद दिला होता. २००४ मध्ये या कथेवर आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत नायक गोरा करण्यात आला, तेव्हा त्यांनी जाहीरपणे निषेध नोंदविला.

गेडच्या अंगी विलक्षण सामर्थ्य आहे. पण विद्यापीठातील एक उमराव घराण्यातील विद्यार्थी त्याला शेळक्या म्हणून खिजवितो. त्या अपमानाची भरपाई करण्यासाठी गेड मृताला बोलावण्याचा निषिद्ध मंत्र उच्चारतो आणि एक काळी छाया मोकळी सुटते. हिणविलेला माणूस आपले मोल सामर्थ्यानेच सिद्ध करू गेला, तर काय अनर्थ ओढवतो, याचे हे मार्मिक चित्रण आहे. त्या छायेला गेड स्वतःच्याच नावाने हाक मारतो, तेव्हा तिची बाधा संपते.

परंतु या पहिल्या कादंबऱ्यांत मंत्रविद्येचे विद्यापीठ केवळ पुरुषांसाठी होते आणि स्त्रियांची जादू हलकी, दुष्ट, अशी लोकसमजूत तेथे प्रचलित होती. तिसरी कादंबरी १९७२ मध्ये आली. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ले ग्विन यांनी ‘तेहानू’ लिहून आपल्याच जगाची फेरतपासणी केली. तिसऱ्या कादंबरीच्या अखेरीस जग वाचविताना गेडने आपले सारे सामर्थ्य वेचून टाकलेले असते. ‘तेहानू’मध्ये तो महापुरुष रिकाम्या हातांनी गावी परततो. आपण आता कोणीच नाही, या लज्जेने तो माणसांना टाळतो आणि डोंगरावर पुन्हा शेळ्या राखू लागतो. त्याला सावरणारी तेनार ही एक शेतकऱ्याची विधवा आहे. तिने एक पोर सांभाळली आहे. स्वतःच्याच माणसांनी मारून आगीत ढकललेली, अर्धा चेहरा आणि एक हात जळालेली ही मुलगी पाहताच गावकरी नजर वळवितात. रात्री गुंड घराभोवती जमतात, तेव्हा गेड मंत्राने नव्हे, गवत उचलण्याच्या दाताळ्याने त्यांना अडवितो. भांडी घासणे, शेळी दोहणे, जखमेला औषध लावणे यांनी भरलेली ही कादंबरी वीरकथेच्या चाहत्यांना काहीशी अळणी वाटते. तिचे सत्त्व नेमके त्यातच आहे.

कादंबरीच्या शेवटी ती जळालेली मुलगी अग्निसर्पांची वंशज ठरते आणि तिच्या हाकेला अग्निसर्प धावून येतो. मग येथेही दडलेल्या थोरवीचीच जुनी वाट धरली, अशी शंका घेता येईल. तिला पूर्णपणे नाकारताही येणार नाही. परंतु क्रम ध्यानात घ्यावा. मुलगी कोण आहे हे कळण्यापूर्वी तेनारने तिला जवळ केले, न्हाऊमाखू घातले, सूत कातायला शिकविले. सामर्थ्य प्रकट झाले नसते तरी त्या मायेत काही उणे पडले नसते.

मराठी वाचकाला हा विचार सर्वस्वी परका नाही. परंपरेने सांगितलेल्या कथेत आळंदीची चार भावंडे ‘संन्याशाची पोरे’ म्हणून बहिष्कृत होती आणि पैठणच्या धर्मसभेने त्यांच्याकडे शुद्धीचा प्रश्न काढला. तेथे रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची जी कथा आहे, तिचा रोख ज्ञानदेवांचे सामर्थ्य मिरविण्याकडे नाही. जे चैतन्य सभेतील पंडितांत आहे तेच रेड्यात आहे, असा तिचा दावा आहे. हा चमत्कार सामर्थ्यवानाला उंच नेत नाही, उंच-नीच ठरविणारी रेघच पुसतो. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेले, वाघावर बसून सापाचा चाबूक घेऊन आलेले चांगदेव अखेर लहानग्या मुक्ताईला गुरू मानतात, यातही सिद्धी आणि मोल यांची फारकतच सांगितली आहे. सिद्धी या समाधीच्या मार्गातील अडथळे होत, असे पतंजलींच्या योगसूत्रांतही म्हटले आहे. तरीही एक बोच उरते. पैठणच्या सभेने त्या मुलांना मान दिला तो चमत्कार पाहिल्यावर. चमत्कार न दाखविता आलेली किती मुले त्या दारावरून परत गेली असतील?

अद्भुतकथा वाचताना ही बोच जागी राहावी, एवढेच मागणे आहे. ज्याला डिवचले तो शेवटी थोर निघाला, ही कथा गोड असते; पण तिने पूर्वग्रह मरत नाही, त्याचा नेम चुकला होता इतकेच सिद्ध होते. जो शेवटपर्यंत साधाच राहिला त्याचाही मान जी कथा राखते, ती बालविभागातून काढून मोठ्यांच्या मेजावर ठेवावी. शंभर वर्षे उघडे राहिलेल्या या वाचनमंदिराला असे सुचविण्यात काही धाडस नाही. येथील दारात आलेल्याला त्याचे सामर्थ्य कोणी विचारत नाही. त्याने वर्गणी भरावी, आवडेल ते पुस्तक न्यावे आणि मुदतीत परत आणावे, एवढीच येथील अट आहे.