चर्चच्या परसातला क्लब

बुएनोस आयरेसच्या आल्माग्रो भागात १९०८च्या सुमारास काही पोरं भर रस्त्यात फुटबॉल खेळत. त्याच रस्त्यावरून ट्राम जायची. क्लबमध्ये आजही सांगतात ती हकिगत अशी, की एक पोरगा ट्रामखाली येता येता वाचला आणि ते लोरेन्सो मासा नावाच्या फादरांनी पाहिलं. त्यांनी पोरांना चर्चचं परस खेळायला दिलं. अट एकच घातली, रविवारी मिस्सेला यायचं. पोरांना सौदा पटला. त्या परसातून १ एप्रिल १९०८ रोजी सान लोरेन्सो हा क्लब उभा राहिला. आज तो अर्जेंटिनाच्या पाच बड्या क्लबांपैकी एक आहे. पोरांना क्लबला फादरांचंच नाव द्यायचं होतं, पण फादर ऐकेनात. शेवटी संत लॉरेन्सच्या नावावर तडजोड झाली. फादरांच्या काळ्या झग्यावरून क्लबच्या चाहत्यांना ‘कावळे’ म्हणू लागले आणि चाहत्यांनी ते नाव कौतुकाने मिरवलं.

मिस्सेची ही अट मासांनी एकट्याने शोधून काढलेली नव्हती. ते सालेशियन संघाचे, म्हणजे डॉन बॉस्कोंच्या परंपरेतले. इटलीतल्या पिएमाँत प्रांतात १८१५ साली जन्मलेले जोव्हान्नी बॉस्को लहानपणी दोरीवरून चालून दाखवायचे, जादूचे प्रयोग करायचे. खेळ पाहायला जमलेल्या गावकऱ्यांकडून ते पैसे घेत नसत, त्यांना जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावत. पुढे ते धर्मगुरू झाले. तोरिनो शहरात कामासाठी आलेल्या, कोणी वाली नसलेल्या मुलांना त्यांनी गोळा केलं, तेव्हाही खेळायची जागा आणि प्रार्थनेची जागा त्यांनी एकाच कुंपणात ठेवली. त्यांच्या नावाची माटुंग्याची शाळा आपल्या ओळखीची आहे. क्रिकेटपटू रवी शास्त्री तिथलेच विद्यार्थी.

पाद्री, पोरं आणि चेंडू ही सांगड गोव्यालाही नवी नाही. तिथे फुटबॉल आणण्याचं श्रेय विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश फादरांना देतात. साल १८८३, गाव शिवोली.

आता पुन्हा बुएनोस आयरेस. १७ डिसेंबर १९३६ रोजी तिथल्या फ्लोरेस भागात होर्हे मारिओ बेर्गोल्यो यांचा जन्म झाला. आठवडाभराने, नाताळच्या दिवशी, त्यांचा बाप्तिस्मा झाला तो आल्माग्रोमधल्या बॅसिलिकात, एका सालेशियन फादरांच्या हातून. वडील पिएमाँतहून आलेले, पेशाने हिशेबनीस. ते सान लोरेन्सोच्या मैदानावर बास्केटबॉल खेळत. घराचा धर्म आणि घराचा क्लब असे दोन्ही एकाच वस्तीतून आलेले. मुलाला यातलं काहीच निवडायचं नव्हतं. सामन्याच्या दिवशी सगळं कुटुंब मैदानावर जायचं, आईसुद्धा.

१९४६ साली सान लोरेन्सोने अर्जेंटिनाचं विजेतेपद मिळवलं. फार्रो, पोंतोनी आणि मार्तिनो हे त्या संघाच्या आघाडीचं त्रिकूट. होर्हे तेव्हा नऊ वर्षांचा होता. रेने पोंतोनीने मारलेला एक गोल ते पुढे पोप फ्रान्सिस झाल्यावरही रंगून सांगत. स्वतःच्या खेळाबद्दल मात्र त्यांना भ्रम नव्हता. गल्लीतला चेंडू चिंध्यांचा, आणि ज्याला पायाने काही जमत नाही त्याला गोलात उभं करायचं, हा जगभरच्या पोरांचा कायदा. त्या कायद्याने होर्हे गोलरक्षक झाला.

पुढे सेमिनरी, येशूसंघ, धर्मगुरुपद. इथवरची गोष्ट अनेकांची असते. पोरवयाचं वेड मोठेपणी जुन्या फोटोंसारखं पेटीत जातं. बेर्गोल्यो यांच्याबाबतीत वेगळंच घडलं. १५ जुलै १९९० रोजी त्यांनी कार्मेलमातेला नवस बोलला, की यापुढे टीव्ही पाहायचा नाही. तो त्यांनी पाळला. म्हणजे त्यांच्या लाडक्या संघाचे सामने दिसणंही बंद झालं. पण क्लब सुटला नाही. २००८ साली क्लबची शंभरी आली तेव्हा कार्डिनल बेर्गोल्यो रीतसर सदस्य झाले. २०१३ साली ते पोप झाले. मग व्हॅटिकनचा एक स्विस पहारेकरी दर आठवड्याला सामन्यांचे निकाल आणि गुणतक्ता त्यांच्या टेबलावर ठेवू लागला.

न पाहता प्रेम टिकवायचं, हे कॅथलिक माणसाला तसं सरावाचं आहे. मिस्सेतली ओस्ती डोळ्यांना भाकरीची चकतीच दिसते. तिच्यात काय आहे ते श्रद्धेने मानायचं असतं. इथे मात्र एका माणसाने हाच सराव फुटबॉललाही लावला. वडिलांचं बोट धरून मिळालेला क्लब त्याने मोठेपणी, समोर काही दिसत नसताना, स्वतःहून पुन्हा पत्करला.

आणि क्लबही असा, की त्याच्याशी निष्ठा ठेवायला धीर लागावा. १९७९ साली लष्करी राजवटीत सान लोरेन्सोचं जुनं मैदान हातातून गेलं आणि त्या जागी सुपरमार्केट उभं राहिलं. १९८१ साली संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला. पाच बड्या क्लबांत ही नामुष्की सर्वांत आधी याच्याच वाट्याला आली. २०१२ साली पुन्हा तीच वेळ थोडक्यात टळली. मग २०१४च्या ऑगस्टमध्ये दक्षिण अमेरिकेतला सर्वांत मानाचा लिबेर्तादोरेस चषक क्लबने पहिल्यांदाच जिंकला आणि काही दिवसांतच खेळाडू तो घेऊन व्हॅटिकनला पोचले. सुपरमार्केटची जागाही २०१९ साली क्लबने परत मिळवली.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी वारले. वय ८८. बुएनोस आयरेसमध्ये तेव्हा पहाटेचे २ वाजून ३५ मिनिटं झाली होती. त्यांचा सदस्यक्रमांक होता ८८२३५. आकड्यांवरून शकुन काढणं चर्चच्या शिकवणीत बसत नाही, पण चाहत्यांना ती शिकवण त्या दिवशी कोण ऐकवणार!

त्यांच्या जागी आलेले पोप लिओ, म्हणजे रॉबर्ट प्रीव्होस्ट, शिकागोचे. लहानपणी ते इस्त्रीच्या टेबलाची वेदी करून भावांबरोबर मिस्सा-मिस्सा खेळत. ओस्तीच्या जागी गोळ्यांच्या गोल चकत्या. धर्म असा घरातच मुरलेला. बेसबॉलमध्ये मात्र घरचा वारसा चालला नाही. आई शिकागोच्याच कब्ज संघाची, वडील सेंट लुईसच्या कार्डिनल्सचे आणि मुलगा व्हाइट सॉक्सचा. शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरात वाढलेल्या पोराने वस्तीचा संघ धरला. पोप म्हणून निवड झाली त्या दिवशी ते कब्जचे चाहते असल्याची बातमी सुटली आणि ती खोडायला त्यांच्या भावाला पुढे यावं लागलं. २००५ साली व्हाइट सॉक्सने ८८ वर्षांनी जागतिक मालिका जिंकली. तिच्या पहिल्या सामन्याच्या जुन्या चित्रफितीत प्रेक्षकांत बसलेले फादर प्रीव्होस्ट दिसतात. ऑगस्टीनियन संघाचे ते तेव्हा जगभराचे प्रमुख होते. व्हाइट सॉक्सचा हाच संघ २०२४च्या एका हंगामात १२१ सामने हरला. आधुनिक बेसबॉलमधला तो विक्रमच. तरीही पुढच्या जूनमध्ये पोपमहाशय व्हाइट सॉक्सची टोपी घालून लोकांसमोर आले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सेंट पीटर्सच्या चौकात त्यांची गाडी गर्दीतून चालली होती. कुणीतरी कब्जच्या नावाने आरोळी ठोकली. कब्ज नुकतेच स्पर्धेतून बाद झाले होते. पोपमहाशयांनी तिकडे वळून इटालियनमध्ये उत्तर दिलं, “हरले ते!”