काजूच्या टरफलाचं तेल, नळांच्या कामाला

मुंबई हायचं कच्चं तेल आपल्या रायगडात, पेणशेजारच्या उरणला समुद्रतळावरच्या नळांतून येतं. १९७४ मध्ये सापडलेल्या या तेलात मेण जास्त. काही तेलांत मात्र अस्फाल्टीन नावाचा जड, काळा घटक त्रास देतो. दाब उतरला की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि विहिरी, नळ तुंबतात.

यावर कामी येऊ शकतं काजूच्या टरफलातलं तेल. कातडी भाजणारं म्हणून कोकणात सगळ्यांना ठाऊक असलेलं. ते तापवून कार्डानॉल मिळवतात. त्याच्या रेणूचं एक टोक अस्फाल्टीनला धरतं, तर पंधरा कार्बनांची शेपटी तेलात पसरते. मग कण एकमेकांपासून दूर राहतात. ब्राझीलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये हा गुण प्रयोगांतून मांडला.

अर्थात प्रत्येक तेलाचा स्वभाव वेगळा, म्हणून मात्रा आधी प्रयोगशाळेत ठरवावी लागते. रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने आहेत, कोकणात काजू आहे. पेण-रोह्याच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनो, टरफलाकडे कचरा म्हणून पाहू नका. अभ्यासाला हा विषय जरूर घ्या.