‘उपजत’ म्हणण्याआधी



आपण नारायण पेठेत बसलो आहोत. केसरीवाडा इथून हाकेच्या अंतरावर आहे. ‘केसरी’त लिहिणाऱ्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं आणि १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. सैरंध्रीची विटंबना पाहून प्रेक्षकांचं रक्त तापत असे. पण ती सैरंध्री उभी करणारा नट पुरुष होता. सुशिक्षित घरातल्या बाईनं नाटकात काम करणं तेव्हा कुणाला खपलं नसतं. पुढं १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’मधून दुर्गा खोटे पडद्यावर नायिका म्हणून आल्या आणि १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’मधून ज्योत्स्ना भोळे रंगभूमीवर उभ्या राहिल्या. त्या बायांनी दार उघडलं. त्या दारातून पुढच्या पिढीतली एक मुलगी थेट दिल्लीला अभिनय शिकायला गेली. आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे.

रोहिणी ओक, म्हणजे आपल्या रोहिणी हट्टंगडी. त्यांची शाळा सदाशिव पेठेतली रेणुका स्वरूप. नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही ठिकाणी त्या पाच दशकं काम करत आल्या आहेत. त्यांचं काम पाहिलं की आपण सहज म्हणतो, “किती नैसर्गिक! हे उपजतच असावं लागतं.” मला आज या वाक्याशी भांडायचं आहे. गवयाबद्दल बोलताना आपण पुणेकर पहिला प्रश्न विचारतो, “तालीम कुणाची?” कोणतं घराणं, गुरूकडे किती वर्षं काढली, हे कळल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. मग नटीच्या बाबतीतच आपण तिची मेहनत दैवाच्या खात्यावर का मांडतो?

रोहिणीताईंची तालीम दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातली. इब्राहिम अल्काझी तेव्हा तिथले संचालक होते. त्यांच्या हाताखाली उभं कसं राहायचं, शब्दाचा शेवटचा स्वर मागच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा, याचा रोज घाम गाळून अभ्यास होई. ‘इबारागी’ या जपानी काबुकी नाटकात त्यांनी काम केलं. शिवराम कारंत यांच्याबरोबर यक्षगान केलं. काबुकी आणि यक्षगान या दोन्ही परंपरा दीर्घकाळ पुरुष नटांच्याच हाती राहिलेल्या, आणि दोन्हींत मान, डोळे आणि पाऊल यांना काटेकोर शिस्त. ही शिस्त ज्या शरीरात मुरली, त्या शरीराला पुढं कॅमेऱ्यासमोर नुसतं स्वस्थ बसूनही बरंच काही सांगता आलं.

सहाध्यायी जयदेव हट्टंगडी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ते दिग्दर्शक. त्यांनी बसवलेल्या ‘चांगुणा’त रोहिणीताई नायिका होत्या. मूळ नाटक स्पॅनिश नाटककार लोर्काचं ‘येर्मा’, मूल नसलेल्या बाईच्या तडफडीचं. ती तडफड मराठी मातीत रुजवायची तर शब्द बदलून भागत नाही. बाईचं चालणं, पदर सावरणं, पाणी भरणं सगळं इथलं व्हावं लागतं.

मग आला ‘गांधी’. रिचर्ड ॲटनबरो यांनी कस्तुरबांच्या भूमिकेसाठी त्यांना निवडलं. दक्षिण आफ्रिकेतली तरुण गृहिणी ते चौऱ्याहत्तर वर्षांची थकलेली बा, हा सगळा प्रवास एकीनंच करायचा होता. आश्रमात संडास साफ करायला नकार देणारी बा आठवा. तिच्या आवाजात आधी संताप आहे, मग अपमान, आणि शेवटी आपण होऊन घेतलेला निर्णय. कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी देह ठेवला तो आपल्याच पुण्यातल्या आगाखान पॅलेसमध्ये, आणि ‘गांधी’तल्या काही प्रसंगांचं चित्रीकरणही त्याच वास्तूत झालं. १९८२ मध्ये चित्रपट आला. या भूमिकेसाठी रोहिणीताईंना सहायक अभिनेत्रीचा ब्रिटिश अकादमीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, अमेरिकेच्या मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून.

जगभर नाव झालं, आणि इथं वाट्याला काय आलं? म्हातारपण! ‘सारांश’ १९८४ चा. मुलगा गमावलेली पार्वती त्यांनी तिशीच्या आसपास असताना उभी केली. ‘अग्निपथ’मध्ये अमिताभ बच्चन यांची आई झाल्या, त्यांच्यापेक्षा वयानं लहान असूनही. आपल्या चित्रसृष्टीला तरुण बाईच्या भूमिका लिहिताना सौंदर्याच्या पुढं फारसं सुचत नव्हतं, याचं मला दुःख आहे. पण मिळालेल्या भूमिकेला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. ‘अर्थ’मधली मोलकरीण पाहा. लेकीच्या शाळेच्या फीसाठी पै-पै साठवणारी आणि तेच पैसे नवऱ्यानं उडवल्यावर पेटून उठणारी. गोविंद निहलानींच्या ‘पार्टी’त त्यांनी रंगभूमी सोडलेल्या नटीची घुसमट दाखवली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा हा चित्रपट.

दूरचित्रवाणी मालिकेला आपल्यातले काही जण नाक मुरडतात. रोहिणीताईंच्या ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून अधिक भाग झाले. नाटकाला महिनाभर तालमी मिळतात, चित्रपटात दिग्दर्शक एका प्रसंगावर दिवस घालवतो. मालिकेत आजचा प्रवेश आजच हातात पडतो आणि आजच उभा करायचा असतो, तोही वर्षानुवर्षं, व्यक्तिरेखेचा तोल न ढळता. तालीम नसलेला नट तिथं सवयीवर काम करू लागतो. ‘होणार सून मी ह्या घरची’मधली आईआजी आठवा. घर मुठीत ठेवणारी ती बाई क्वचितच आवाज चढवते.

आणि या सगळ्यात त्या रंगमंचाकडे परतत राहिल्या. ‘अपराजिता’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग. समोर कॅमेरा नाही, सोबतीला दुसरा नट नाही, सावरून घ्यायला कुणी नाही. फ्रान्सची जान मोरो आपण चित्रपटांमुळे ओळखतो. पण तीही नाट्यशिक्षण घेऊन १९४७ मध्ये कोमेदी-फ्रान्सेज या १६८० पासूनच्या नाट्यसंस्थेत दाखल झाली होती. पुढंही ती नाटकात काम करत राहिली. गवयाला तंबोरा तशी अशा नटीला रंगभूमी. मैफल कुठलीही असो, स्वर तिथंच जुळवायचा.

श्रोतेहो, शंभर वर्षांपूर्वी याच पेठेतल्या मुलीला नाटकाचं नाव काढायची सोय नव्हती. आज तुमची लेक किंवा नात म्हणेल, “मला अभिनय करायचाय.” तेव्हा “तुझ्या अंगात आहे का ते?” असं विचारू नका. “कुणाकडे शिकणार आहेस?” असं विचारा. गाणं शिकणाऱ्या मुलीला आपण पिढ्यान्‌पिढ्या हाच मान देत आलो. नटीला तो द्यायला आपल्याला फार उशीर झाला आहे.