काढता पाय आणि मोकळे हात

17 मार्च 2023 पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली आणि परगावी जाण्यातला पैशाचा अडसर बराच कमी झाला. परवानगीचा अडसर मात्र अजून आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर अशा तिन्ही ठिकाणी एकटीनं जाण्याची मुभा देशातल्या केवळ 42 टक्के स्त्रियांना आहे. मुभा नाकारताना कारण बहुतेकदा सुरक्षिततेचंच सांगतात. म्हणून आज सुरक्षिततेबद्दलच बोलू या. पण सुरुवात करू या बॅगेपासून. कारण एकटीच्या प्रवासातली सुरक्षितता पुष्कळ अंशी एका गोष्टीवर ठरते: नको वाटेल तिथून, नको वाटेल त्या क्षणी, कुणाची मदत न मागता तिला काढता पाय घेता येतो का? आणि तो घेता येईल की नाही, हे तिच्या सामानाचं वजन ठरवतं.

फलाटावर उतरणारी एक बाई डोळ्यांपुढे आणा. एका हातात चाकांची मोठी बॅग, दुसऱ्या हातात फुगलेली कापडी पिशवी, खांद्यावरून घसरणारी पर्स आणि त्या पर्सच्या तळाशी फोन. जिन्यापाशी आल्यावर तिला कुणीतरी बॅग उचलायला हवाच. मग तो माणूस कसा आहे, हे पारखायला उसंत मिळत नाही. रिक्षावाल्याचं बोलणं खटकलं तरी सगळं पुन्हा उतरवण्यापेक्षा ती बसून राहते. लॉजची खोली पसंत पडली नाही तरी पसारा हलवायचा कंटाळा येतो. पाठीवर एकच सॅक असलेल्या बाईचे दोन्ही हात मोकळे असतात, फोन खिशात असतो. ती सरळ वळते आणि चालू लागते. धोक्याची चाहूल आपल्याला बऱ्याचदा लागते. अडतं ते त्या चाहुलीवर लगेच हलता येण्यापाशी.

मग सामान किती असावं? रेल्वे स्लीपरच्या डब्यात 40 किलो फुकट नेऊ देते. पण नेऊ देणं वेगळं आणि उचलणं वेगळं. विमानात सोबत ठेवायच्या बॅगेला बहुतेक देशी कंपन्या 7 किलोंची मर्यादा घालतात. तोच आकडा जमिनीवरही धरावा. अंगावर एक आणि बॅगेत दोन जोड पुरतात, कारण रात्री धुतलेला सुती कुर्ता सहसा सकाळपर्यंत वाळतो. जाड टॉवेलऐवजी पंचा घ्यावा. तो झटपट वाळतो आणि अंथरायलाही चालतो. पैसे दोन जागी विभागावेत. फोन, ओळखपत्र, रोजची औषधं आणि सॅनिटरी पॅड एवढं अंगालगतच्या लहान पिशवीत असावं, म्हणजे वेळ पडली तर मोठी बॅग सोडूनही निघता येतं. यावर कुणी म्हणेल, बायकांच्या गरजाच जास्त असतात. तुमची भरलेली बॅग एकदा उपसून पाहा. नणंदेसाठी लोणचं, भाच्यांना खाऊ, कार्यात नेसायच्या दोन जास्तीच्या साड्या, परतताना कुणी दिलेलं बोचकं. त्या वजनात आपलं स्वतःचं फार थोडं असतं.

याहून गंभीर आक्षेप असा, की गुन्हा दुसऱ्याचा आणि काळजी मात्र बाईनंच घ्यायची, हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे. गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगाराची आणि बंदोबस्ताची जबाबदारी शासनाची. बॅग जड होती म्हणून कुणीही दोषी ठरत नाही. पण हलकं सामान तिच्या पायात कसलीही बेडी घालत नाही. ‘रात्री जाऊ नको, एकटी जाऊ नको’ हे सल्ले तिचं जग लहान करतात. हलकी बॅग ते मोठं करते. आणि घरीच राहणं सुरक्षित म्हणावं, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आहेत की बलात्काराच्या नोंदलेल्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. ‘ओळखीतलं ते सुरक्षित’ हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

शिवाय कायदाही एकट्या बाईच्या बाजूनं उभा आहे. तो माहीत मात्र हवा. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 139व्या कलमानुसार, सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीकडे तिकीट नसलं तरी तिला रात्री गाडीतून उतरवता येत नाही. उतरवायचं तर दिवसा, आणि तेही जिथून ती निघाली तिथे, किंवा जंक्शन, शेवटच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्थानकावर. अपरात्री आडस्थानकावर एकटं पडणं हा धोका आहे, हे कायद्यानं ओळखलेलं आहे. रेल्वेचा मदत क्रमांकही 139च आहे, म्हणून लक्षात ठेवायला सोपा. इतरत्र कुठेही 112.

तेव्हा भगिनींनो, पुढच्या प्रवासाआधी बॅग भरून झाली की ती पाठीवर घ्या आणि कुठेही खाली न ठेवता तीन जिने चढून पाहा. दम लागून थांबावं लागलं, तर परत या आणि बॅग पुन्हा उघडा. न थांबता चढलात, तर निघा. घरच्यांनीही ‘सोबत कोण आहे?’ असं विचारण्याआधी तिची बॅग एकदा उचलून पाहावी.